डांबराखालची लांबोडी

करवलपाड्यात कुणी साहेब आला, वकील आला, पेपरवाला आला, की पहिलं बोलावणं चिमीला यायचं. चिमीची सत्तरी उलटलेली. डावा गुडघा कामातून गेलेला. तरी दारात गाडी उभी राहिली की ती लुगड्याचा पदर खोचायची आणि निघायची. काम ठरलेलं असे. अंबरनाथच्या पुढं, मलंगगडाच्या अंगाला जी जुनी धावपट्टी आहे तिच्यावर चालायचं आणि तिच्या खाली कुठं कुणाचं शेत होतं ते बोट करून दाखवायचं. इथं मोठं खाचर, इथं पाणथळी, ही वावळ्याची, त्या पलीकडं कोंडीतली. गावात हे सांगू शकणारं दुसरं माणूस उरलेलं नव्हतं.

तिनं मात्र ती शेतं कधी पाहिली नव्हती. ती लग्न होऊन करवलपाड्यात आली तेव्हा धावपट्टीलाच पंचवीस-सव्वीस वर्षं होऊन गेली होती. तिला हे सगळं शिकवलं तिच्या सासऱ्यानं, जनूनं.

जनूला दोन मुलगे. थोरला किसन म्हणजे चिमीचा नवरा. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत पाळीवर जायचा आणि घरी आला की झोपायचा. शेताचं नाव काढलं की म्हणायचा, "जी जमीन सरकारनं घेतली तिची नावा पाठ करून काय करू?" धाकटाही तसाच. मग म्हातारा सुनेला घेऊन जायला लागला. ती गुरं सोडायला गेली की तो मागून काठी टेकत यायचा, डांबरावर उभा राहायचा आणि सांगायचा. नाव सांगितलं की पावलं मोजायला लावायचा. चुकली तर पुन्हा सुरुवातीपासून. पाच-सहा पावसाळ्यांत चिमीला सगळी धावपट्टी तोंडपाठ झाली. तिला आवड होती असं नाही. सासरा सांगतो आणि ऐकायला दुसरं कुणी नाही, एवढंच तिच्या लक्षात आलं होतं.

गोष्ट मोठ्या लढाईतली. जनू तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. एक गोरा साहेब दुभाष्याला घेऊन पाड्यात आला आणि म्हणाला, तुमची जमीन विमानांसाठी हवी आहे, लढाई संपली की परत मिळेल. भात कापून झालं होतं, पण वाल उभे होते. वाल पुरते तयार होईपर्यंत थांबा, असं जनूच्या बापानं विनवलं. साहेबानं हो म्हणून मान हलवली. तिसऱ्या दिवशी वालांवरून रोलर फिरला.

त्यानंतर ज्यांची शेतं गेली त्यांनाच खडी टाकायच्या कामावर घेतलं. जनूची आई, सरस्वती, दोन वर्षं डोक्यावर खडीची पाटी घेऊन स्वतःच्याच शेतावर ओतत होती. महारवाड्यातली माणसंही होती त्या कामावर. धोंडिबा त्यांच्यातला, जनूच्याच वयाचा. महारवाडा धावपट्टीच्या आड येत होता म्हणून तिथली घरं आधी पाडली होती आणि ती माणसं नाल्याच्या काठाला झापाच्या खोपटांत राहत होती.

मग विमानं आली. बाँब टाकणारी मोठी विमानं. नव्या पोरांना ती चालवायला आणि बाँब नेमका टाकायला शिकवायचे. डोंगराच्या उताराला चुन्याचं मोठं गोल रिंगण काढलं होतं. विमानं पाड्यावरून इतकी खालून जात, की कौलं थरथरत. म्हशी दूध चोरायला लागल्या, गाभण शेळ्या गाभडल्या. बाँबमध्ये दारूऐवजी वाळू भरलेली असे. तो रिंगणात पडला तर पडला, नाहीतर कुणाच्या आंब्यावर, कुणाच्या गवताच्या माचावर. विमानं गेली की जनू आणि धोंडिबा धावत जाऊन फुटलेल्या बाँबचा पत्रा गोळा करायचे. सरस्वतीनं त्यातल्या एका तुकड्याचं तांदूळ मापायचं टोपलं करून घेतलं होतं, ते पुढं पुष्कळ वर्षं घरात होतं. एकदा एक विमान उतरता उतरता नाल्यापलीकडं पडलं. आतली चार पोरं जळून मेली. त्यांचं वय पाड्यातल्या थोरल्या पोरांएवढं असेल, असं जनू सांगायचा. 

लढाई संपली. विमानं गेली, साहेब गेले. इकडं कल्याणच्या लष्करी छावण्यांत सिंधमधून आलेली माणसं राहायला आली, तिथं शहर उठलं, दुकानं झाली, कारखाने झाले. करवलपाड्याची जमीन परत द्यायला मात्र कुणी आलं नाही. विचारायला कुणाकडं जायचं तेही ठाऊक नव्हतं. काही वर्षं वाट पाहून माणसांनी डांबराच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या पडलेल्या मातीत नांगर घातले. कुणी अडवलं नाही. जनूनंही नाल्याच्या अंगाला एक लांब पट्टी कसायला घेतली. पावसाळ्यात भात, पुढं भेंडी आणि काकडी. ही आपली लांबोडी, बापाच्या वेळचं लांबट शेत, असं त्यानं चिमीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चिमीनं त्या पट्टीत पन्नास वर्षं भेंडी तोडली. तिच्या बोटांना भेंडीची लव टोचायची ती उन्हाळाभर जायची नाही.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा एका दुपारी एक माणूस बांधावर येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, पायांत बूट, हातात पिशवी. जनूनं त्याला पाहिलं आणि खुरपं खाली ठेवलं. तो धोंडिबा होता. अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात लागला होता, तिथंच बिऱ्हाड केलं होतं.

"काय लावलंस?" त्यानं विचारलं.

"भेंडी."

"येते?"

"येते."

पुढं दोघं बराच वेळ गप्प बसले. निघताना जनूनं त्याच्या पिशवीत भेंडी भरून दिली. धोंडिबा पुन्हा कधी आला नाही. चिमीला तेव्हा एवढंच वाटलं, की जुने सोबती दिसतात, पण बोलत कसे नाहीत?

त्याचा उलगडा जनूच्या शेवटच्या पावसाळ्यात झाला. तो खाटेला लागला होता. एका सकाळी ती पेज भरवत होती. त्यानं वाटी बाजूला केली आणि म्हणाला, "चिमे, ती लांबोडी नाय. ती हाडकी हाय. धोंडिबाच्या घरची."

चिमीला अर्थ कळायला वेळ लागला नाही. हाडकी म्हणजे गावकीच्या कामाच्या बदल्यात महारांना लावून दिलेली जमीन. तसं नाव दुसऱ्या कुणाच्या शेताला नसतं.

"मंग आपली लांबोडी कुठं हाय?"

"डांबराखाली. बरोबर मदी."

"मना खोटा कनाला शिकवलात?"

 म्हातारा म्हणाला, "डांबरावर काय पेरनार व्हतो, बाय?"

 कुणाला सांग म्हणाला नाही, सांगू नको असंही म्हणाला नाही. आठवड्यानं गेला. चिमीनं किसनला सांगायचं मनात आणलं, पण किसन तेव्हा कंपनी बंद पडून घरी बसला होता आणि ती पट्टीच घर चालवत होती. मग राहून गेलं. पुढं किसनही गेला.

दरम्यान जमिनीची समिती झाली, मोर्चे झाले. चिमीला बोलावणी सुरू झाली. प्रत्येकाला ती सगळी शेतं खरी खरी दाखवायची आणि नाल्याकडच्या पट्टीशी आली की म्हणायची, ही आमची लांबोडी. पहिल्या वेळेला जीभ अडखळली होती. पुढं अडखळायची थांबली. पण असं बोलून आली की रात्री जेवण जायचं नाही, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. सोनिया नावाची एक मुलगी मोबाईलवर बातम्या करायची. तिनं चिमीचा व्हिडिओ काढला. तो म्हणे दोन लाख माणसांनी पाहिला. चिमीच्या मनात आलं, दोन लाख माणसांशी आपण खोटं बोललो.

तीन वर्षांपूर्वी कार्तिकात नोटीस आली. धावपट्टीभोवती भिंत बांधायची आहे. त्याआधी जागेवर मोजणी होईल, आणि डांबराबाहेरच्या ज्या जमिनी कसल्या जातात त्यांच्यावर कुणाचा हक्क आहे याचे जबाब लिहून घेतले जातील. डांबराखालचं नंतर पाहू. नंतर म्हणजे कधीच नाही, हे सगळ्यांना कळलं.

चिमीचा पुतण्या धर्मेश समितीत होता. लांबोडी जनूची, म्हणजे तिच्यात धर्मेशचाही अर्धा वाटा. तो आदल्या संध्याकाळी घरी आला, काकीला औषधाचं मलम आणून दिलं आणि नीट समजावलं, की उद्या फक्त नेहमीसारखं बोलायचं. चिमीचा मुलगा कल्पेश उल्हासनगरात कॅम्प पाचला एका सिंधी शेटच्या जीन्सच्या कारखान्यात टेम्पो चालवतो. त्यानंही सुट्टी टाकली. तो म्हणाला, "आई, एकदाच काय ते सांगून टाक, मग तुला कोण त्रास देणार नाय."

मोजणीला भावना मॅडम म्हणून तरुण बाई आल्या होत्या. काठीवर मशीन, गळ्यात ओढणी घट्ट गुंडाळलेली, बोलणं सरळ. ऊन चढलं होतं. चिमीनं त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत नेलं, मग एका कुटुंबाची शंका निघाली म्हणून परत नेलं, मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला नाल्याकडच्या पट्टीपाशी आल्यावर तिचा गुडघा धरला. ती बांधावर बसली. भाविकानं, सुनेनं, पाण्याची बाटली पुढं केली.

मॅडमनी फाइलीतून एक कागद काढला. त्या म्हणाल्या, लढाईच्या आधीच्या नोंदीत ही पट्टी महार वतन म्हणून लागलेली दिसते, नावं लिहिलेली नाहीत. त्यातलं कुणी गावात आहे का? धर्मेश लगेच म्हणाला, असं इथं कुणी नव्हतंच, ती कागदातली चूक आहे, आमची काकी सांगेल.

सगळे चिमीकडं पाहायला लागले.

चिमीनं तोंड उघडलं. आमची लांबोडी, हे दोन शब्द तिनं किती वेळा म्हटले असतील त्याचा हिशेब नव्हता. पण त्या वेळी ते आलेच नाहीत. तिनं काही ठरवलं नव्हतं. धीर एकवटला, देव आठवला, असलं काही झालं नाही. तिला फक्त फार थकवा आला होता, आणि खोटं बोलायला जेवढी ताकद लागते तेवढी अंगात उरली नव्हती.

"ही हाडकी हाय," ती म्हणाली. "धोंडिबाच्या घरची. आमची लांबोडी तिकडं डांबराखाली. माज्या सासऱ्यानं मरताना मना सांगतला."

 धर्मेश मॅडमना म्हणाला, हिचं वय झालं, डोकं जागेवर नसतं. मॅडमनी विचारलं, "आजी, लिहून घेऊ?"

"लिवा."

 कल्पेश चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी जेवायला बसला असताना ताटाकडं बघत म्हणाला, "मला आधी सांगायचंस ना. सगळ्यांसमोर माझं तोंड केवढंसं झालं." चिमीला त्याचं म्हणणं पटलं. सांगायला पाहिजे होतं. पंचवीस वर्षं ज्याला त्याला सांगायला पाहिजे होतं आणि तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

गावात बोलाचाली झाली. ज्यांची शेतं तिनं खरी दाखवली होती तेही घाबरले. म्हातारी एका ठिकाणी खोटं बोलली तर बाकीचंही खोटंच, असं साहेब म्हणाले तर? समितीच्या बायका पाणी भरताना तिच्याशी बोलेनाशा झाल्या. धर्मेशनं येणंच बंद केलं.

पण मॅडमनी जाताना एक काम लावून दिलं होतं. ज्यांची पट्टी त्यांच्यापैकी कुणीतरी येऊन जबाब द्यायला हवा, नाहीतर ती बेवारस म्हणून लागेल. चिमीला धोंडिबाचं नाव आणि काडेपेटीचा कारखाना एवढंच ठाऊक. कारखाना तर केव्हाच बंद झालेला. एका रविवारी भाविकाला घेऊन ती अंबरनाथला गेली, बुद्धविहारात जाऊन विचारलं. तिथल्या म्हाताऱ्यांनी आपसात चौकशी केली. धोंडिबा जाऊन वीस वर्षं झाली होती. त्याची मुलगी शालन बदलापूरला मांजर्लीत राहत होती. त्यांनी फोन नंबर दिला.

शालन पासष्टीची, नगरपालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. तळमजल्याचा फ्लॅट; पुराचं पाणी शिरतं म्हणून फ्रिज, कपाट सगळं विटांवर चढवलेलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली धोंडिबाचा. चिमीनं तो चेहरा ओळखला. शालननं दोघींना बसवलं, चहा केला, शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बाबांना माहीत होतं," ती म्हणाली. "ते म्हणायचे, जनूनं पेरली म्हणून निदान शेत राहिलं. दुसरा कोणी असता तर गोडाऊन ठोकलं असतं. बाबा मोठ्या मनाचे होते." तिनं रिकामे कप गोळा केले. "मी नाही. मला राग होता. अजून आहे. तुमच्या सासऱ्यांनी बाबांना भेंडी दिली, बाबांच्याच जमिनीतली."

चिमी म्हणाली, "व्हय."

 माफी मागावी तर ती कुणाच्या वतीनं, हे तिला कळेना. भाविका मधे काहीतरी बोलायला गेली, चिमीनं तिला हातानंच गप्प केलं. शालन उठून कप आत घेऊन गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिनं तारीख विचारली.

ठरल्या दिवशी शालन आपल्या मुलाला, महेंद्रला, घेऊन आली. चिमीनं तिला पट्टी दाखवली. कुठून कुठपर्यंत, नाल्याची हद्द कुठली, महारवाड्याची घरं कुठं होती, सगळं. ते तिनं जनूकडून ऐकलेलं होतं पण आजवर कुणी विचारलं नव्हतं. शालन ऐकत चालली होती. घरांच्या जागेवर आल्यावर तिनं एकच विचारलं, "आमचं घर कितवं?" चिमी म्हणाली, "त्यो मना नाय ठाव. सासऱ्यानं नाय सांगतला." त्यावर शालननं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं आणि मान हलवली. जबाबावर शालननं सही केली, चिमीनं अंगठा दिला.

एवढं होऊन झालं काय, तर फारसं काही नाही. शालनचं नाव हाडकीला दावेदार म्हणून लागलं. निर्णय प्रलंबित, असं त्याच्या पुढं लिहिलं आहे, ते अजून तसंच आहे. चिमीचं नाव डांबराखालच्या यादीत गेलं. बाकीच्यांचे दावेही प्रलंबितच. तिच्या बोलण्यानं कुणाचं बिघडलं नाही आणि कुणाचं साधलंही नाही. गेल्या उन्हाळ्यात भिंत पुरी झाली. वर तारा आहेत. पट्टी आतल्या बाजूला राहिली, तिच्यात आता गवत माजलं आहे. कल्पेशनं शेटकडं ओव्हरटाइम धरला. भाविका डोंबिवलीला एका पोळीभाजी केंद्रावर जाते.

चिमीला आता कुणी बोलवायला येत नाही. सोनियाचा मात्र एकदा फोन आला होता, नवा व्हिडिओ करायचा म्हणून. भाविकानं सांगितलं, त्यांना बरं नसतं. ते काही खोटं नव्हतं. चिमी दुपारची ओट्यावर पडते. झोप लागते. मधे कधी शालनचा फोन येतो. कागदाचं काही कळलं का विचारते, गुडघ्याचं विचारते, ठेवते. मैत्री झाली असं दोघीही म्हणणार नाहीत.

वैशाखात धर्मेशच्या मुलीची, नेत्राची, हळद होती. मांडव चिमीच्या दारापासून वीस पावलांवर, पण बोलावणं हळदीच्या दिवशी दुपारी आलं, तेही धर्मेशच्या बायकोनं मुलीच्या हातून पाठवलेलं. कल्पेश म्हणाला, असं बोलावतात का, जाऊ नकोस. चिमीनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि गेली. हळद लावणाऱ्या बायकांनी तिला जागा करून दिली. नेत्राच्या कपाळाला हळद लावून ती हात मागं घेत होती, तेव्हा पोरीनंच तिचं मनगट धरलं. पंगतीत धर्मेश स्वतः वाढत होता. चिमीच्या पानाशी आला, थांबला, भात वाढला. "पोटभर जेव काकी," असं म्हणाला आणि पुढच्या पानाकडं गेला.

चिमी जेवली. डीजे वाजायला लागण्याआधी उठली, भिंतीला धरत धरत घरी आली आणि दार लोटून घेतलं.